दुबईत पहिली गाडी कर्जावर: नाशिकहून निघण्याआधी काय करायचं आणि तिथे कोणत्या क्रमाने

अंबड-सातपूरमधली नोकरी सोडून दुबईला गेलेल्यांचं गाडीचं कर्ज अडकतं, तेव्हा दोष पगाराला दिला जातो. बहुतेक वेळा चुकलेला असतो तो क्रम. आधी शोरूममध्ये गाडी पसंत करून बुकिंग द्यायचं, मग बँकेत जायचं आणि लायसन्सचं शेवटी बघायचं, अशी आपल्याकडची सवय. तिथे नेमकं उलटं करावं लागतं: लायसन्स, बँक, मग शोरूम.

हा लेख पगारदार आणि वर्क व्हिसावर असलेल्यांसाठी आहे. कर्जाच्या मर्यादा संपूर्ण यूएईला लागू आहेत. लायसन्स आणि नोंदणीची माहिती दुबईच्या आरटीएची, म्हणजे तिथल्या रस्ते-वाहतूक खात्याची आहे. शारजा किंवा अबुधाबीत राहणार असाल तर तिथलं वाहतूक खातं वेगळं.

तिथल्या मध्यवर्ती बँकेने २०११ पासून घातलेल्या तीन मर्यादा आधी पाठ करा, पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. कर्ज गाडीच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के. मुदत जास्तीत जास्त ६० महिने. आणि तुमचे सगळे हप्ते मिळून पगाराच्या ५० टक्क्यांच्या आत.

टप्पा १: नाशिकमध्ये असतानाच

पहिलं काम नावाचं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे असतं, लायसन्सवर कधी आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतर पॅन माहेरच्या नावावर नि पासपोर्ट सासरच्या, असंही सर्रास असतं. इथे कारकून समजून घेतो. तिथल्या बँकेची संगणकप्रणाली समजून घेत नाही. लायसन्स, पॅन आणि पासपोर्ट समोरासमोर ठेवा आणि फरक असेल तर पेठ रोडच्या आरटीओतून लायसन्सची दुरुस्ती निघण्याआधीच करून घ्या. दुबईत बसून ती करणं म्हणजे घरच्यांना हेलपाटे.

दुसरं, लायसन्सची मुदत. पुढच्या वर्षभरात संपणार असेल तर नूतनीकरणाची तारीख बघून ठेवा. हे लायसन्स दुबईत बदलून मिळत नाही, भारत त्या सवलतीच्या यादीत नाही. पण ते किती वर्षं जुनं आहे यावर तिथले प्रशिक्षणाचे तास ठरतात, म्हणून चालू आणि वाचता येण्याजोगं हवं.

तिसरं, इथली गाडी विकणार असाल तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनस राखीव ठेवल्याचं पत्र घ्या. भारतात ते साधारण तीन वर्षं वापरता येतं, म्हणजे लवकर परतलात तर इथेच कामाला येईल. तिकडच्या काही विमा कंपन्याही परदेशातला विनाअपघात दाखला बघून थोडी सूट देतात. गाडीवर इथे कर्ज असेल तर ते फेडून फॉर्म ३५ ने बोजा उतरवल्याशिवाय नाव बदलणार नाही, हेही आधीच उरका.

चौथं, बँक खातं. नोकरीसाठी परदेशी गेलात की साधं बचत खातं चालू ठेवता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयातलं खातं, करून घ्यावं लागतं. घराचा किंवा इतर कर्जाचा हप्ता त्याच खात्यातून जात असेल, तर बदलानंतरही तो वेळेवर कापला जातोय ना, हे पहिल्या महिन्यातच पाहा.

सावधान: सिबिल ८०० असेल, गंगापूर रोडला फ्लॅट असेल, वडील जामीन राहायला तयार असतील, यातलं काहीही दुबईच्या बँकेच्या हिशेबात धरलं जात नाही. तिथे तुमची पाटी कोरी असते. उलट बाजूने, कॉलेज रोडच्या बँकेतून दुबईच्या गाडीसाठी कारलोन मिळेल ही आशाही सोडा. इथलं वाहन कर्ज आरटीओत बोजा चढवून दिलं जातं, आणि दुबईच्या नंबरप्लेटवर नाशिकच्या बँकेचा बोजा चढत नाही.

टप्पा २: पोचल्यावरचे पहिले महिने

व्हिसा, एमिरेट्स आयडी (तिथलं ओळखपत्र), पगाराचं बँक खातं, या तीन गोष्टी झाल्याशिवाय कर्जाचा विषयच नाही. त्यानंतर बँकेला पगार जमा झालेला दिसायला हवा, किमान तीन महिने, काही बँकांना सहा. प्रोबेशन कायद्याने जास्तीत जास्त सहा महिन्यांचं असतं आणि बऱ्याच बँका ते संपेपर्यंत थांबतात. तुमची कंपनी बँकेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हेही विचारा. त्याच पगारावर, त्याच पदावर असलेल्या दोघांपैकी एकाला कर्ज मिळतं आणि दुसऱ्याला नाही, त्याचं कारण पुष्कळदा ही यादी असते.

या काळातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे फुकट क्रेडिट कार्ड. मॉलमध्ये, ऑफिसच्या खाली, फोनवर, सगळीकडून ती देऊ केली जातात. वापरलं नाही तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं ते असं: ५० टक्क्यांच्या हिशेबात बँक कार्डाची थकबाकी बघत नाही, मर्यादा बघते, आणि सर्वसाधारणपणे मर्यादेच्या ५ टक्के रक्कम दरमहा हप्ता म्हणून धरते.

पगार ८,००० दिरहम धरा. सगळ्या हप्त्यांसाठी जागा ४,०००. वीस-वीस हजारांची दोन कार्डं घेतली असतील, एक दिरहमही खर्च केला नसेल, तरी त्यातले २,००० गेले. घर लावताना १,५०० हप्त्याचं वैयक्तिक कर्ज घेतलं असेल तर उरले ५००. एवढ्यात कुठलीच गाडी बसत नाही.

कार्ड नको असेल तर नुसतं कापून टाकू नका. बंद करण्याचा अर्ज द्या आणि बँकेचं बंद झाल्याचं पत्र हातात घ्या. त्याला काही आठवडे जातात, म्हणून गाडीचा विचार सुरू झाला की हे काम त्याच दिवशी लावा.

तपासा: अल् एतिहाद क्रेडिट ब्युरो, म्हणजे तिथलं सिबिल, त्याच्या ॲपवरून स्वतःचा अहवाल थोडं शुल्क भरून काढता येतो. गुण ३०० ते ९०० मध्ये असतात. मोबाइलचं बिलही तिथे नोंदलं जातं, त्यामुळे रूममेटच्या नावावर फोन आणि बिल कोण भरणार यावर वाद, हे प्रकार टाळा.

टप्पा ३: लायसन्स

रहिवासी व्हिसा लागला की इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटवर दुबईत गाडी चालवता येत नाही. ते पर्यटकासाठी. नाशिकच्या आरटीओतून ते काढून जाणारे पुष्कळ आहेत आणि तिथे पोचल्यावर पहिल्या महिन्यातच ते निरुपयोगी ठरतं.

दोन वाटा आहेत. एक, गोल्डन चान्स: भारतीय लायसन्स असलेल्याला वर्गांशिवाय थेट रस्त्यावरची परीक्षा, एकच संधी. नापास झालात तर नेहमीच्या वाटेने. दुसरी, ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालणं. पाच वर्षांहून जुन्या लायसन्सला साधारण १० तास, दोन ते पाच वर्षांच्याला १५, नवशिक्याला २०. नेहमीच्या वाटेने गेलात तर फी, परीक्षा आणि फेरपरीक्षा मिळून काही हजार दिरहम जातात, ते गाडीच्या बजेटमध्ये सुरुवातीलाच धरा.

गोल्डन चान्सबद्दल स्पष्ट मत: नाशिक-पुणे रस्त्यावर दहा वर्षं चालवलंय म्हणून सरळ परीक्षेला बसू नका. तिथे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं असतं, आणि आपल्याकडच्या अनुभवी चालकाला परीक्षक नापास करतो तो हाताच्या कौशल्यावर नव्हे. गोलाकार चौकात शिरताना प्राधान्य, लेन बदलण्याआधी खांद्यावरून मागे बघणं, आणि स्टॉपच्या पाटीला चाक पूर्ण थांबवणं, या तीन ठिकाणी तो पकडतो. आधी चार-पाच तास प्रशिक्षकाबरोबर चालवा, मग ठरवा.

लायसन्स आधी का? कर्जाच्या कागदपत्रांत बँका ते मागतात आणि विमा कंपनी त्याच्या तारखेवरून हप्ता ठरवते. लायसन्स एक वर्षाच्या आतलं किंवा चालक २५ च्या आतला असेल, तर दाव्याच्या वेळी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कमही वाढते.

टप्पा ४: हप्ता स्वतः काढा

समजा गाडी ५ टक्के व्हॅटसह ८०,००० दिरहमची आहे. २० टक्के म्हणजे १६,००० तुमचे, ६४,००० बँकेचे. जाहिरातीत दर असतो २.५ टक्के. हा दर फ्लॅट आहे. म्हणजे पाचही वर्षं व्याज मूळ ६४,००० वरच लागतं, मुद्दल कितीही फिटलेलं असो.

६४,००० वर २.५ टक्के, पाच वर्षं: व्याज ८,०००. एकूण ७२,०००. साठ महिन्यांनी भागलं की हप्ता १,२००.

हाच हप्ता आपल्याकडच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने बघितला तर दर साधारण ४.७ टक्के येतो. तरी तो भारतातल्या कारलोनपेक्षा कमीच आहे, घाबरण्यासारखं काही नाही. पण एका बँकेने फ्लॅट २.५ सांगितलं आणि दुसरीने घटता ४.२, तर स्वस्त दुसरी आहे. फोनवर बोलताना दोन प्रश्न विचारा: दर फ्लॅट की घटता, आणि शेवटपर्यंत मिळून किती दिरहम भरायचे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरच तुलना करा.

तेच कर्ज तीन वर्षांत फेडायचं ठरवलं तर व्याज ४,८०० आणि हप्ता १,९११ च्या आसपास. वर्क व्हिसा बहुधा दोन वर्षांचा असतो हे लक्षात घेतलं, तर झेपत असेल तेव्हा छोटी मुदत शहाणपणाची.

इस्लामी बँकांकडे व्याजाऐवजी नफा असतो: बँक गाडी विकत घेते आणि ठरलेला नफा मिळवून हप्त्याने तुम्हाला विकते, याला मुराबाहा म्हणतात. कोणत्याही धर्माच्या माणसाला हे मिळतं. तुलना तीच, एकूण किती दिरहम.

आता हातातली रोकड. १६,००० डाउन पेमेंट. विमा, नवीन सेडानला साधारण दोन ते तीन हजार. बँकेची प्रक्रिया फी बऱ्याच ठिकाणी कर्जाच्या १ टक्का, म्हणजे ६४० आणि वर व्हॅट. नोंदणी, नंबरप्लेट, सालिकचा (दुबईच्या रस्ता-टोलचा) टॅग मिळून पाचशे ते हजार. म्हणजे २०,००० दिरहम तयार हवेत. सोळा हजार जमवून शोरूममध्ये जाणारा नेमका शेवटच्या आठवड्यात क्रेडिट कार्ड घासतो.

दरमहाचा खर्चही वेगळा लिहा. सालिकचा टोल ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी ६ दिरहम आणि, रात्री १ ते ६ ची मोफत वेळ सोडून, एरवी ४ झाला. कामावर जाता-येता एकेक गेट लागत असेल तर २२ दिवसांचे २६४ दिरहम तिथेच गेले. पार्किंग आणि पेट्रोल वेगळं.

सावधान: "झिरो डाउन पेमेंट"च्या पाटीवर भाळू नका. ८० टक्क्यांची मर्यादा कुणालाच चुकत नाही. उरलेले २० टक्के कुठून येणार, ते लेखी विचारा. ते दुसऱ्या कर्जातून येत असतील तर तो हप्ताही तुमच्या ५० टक्क्यांत बसायला हवा, आणि बिलात किंमत फुगवलेली असेल तर सही करू नका. हप्ता संशयास्पद कमी दिसला तर शेवटी मोठी एकरकमी रक्कम ठेवलेली नाही ना, तेही बघा.

टप्पा ५: डाउन पेमेंट नाशिकहून मागवायचं असेल

आई-वडील भारतात राहतात, म्हणून त्यांना एलआरएस योजनेखाली (परदेशी पैसे पाठवायची रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत ए२ फॉर्म आणि पॅन द्यायचा, कारण म्हणून मुलाला भेट किंवा जवळच्या नातेवाइकाचा निर्वाह असं जे खरं असेल ते लिहायचं. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत टीसीएस, म्हणजे पाठवतानाच बँक कापते तो कर, नाही. त्यावरच्या रकमेवर अशा कारणांसाठी २० टक्के कापला जातो आणि विवरणपत्र भरताना वळता होतो. सोळा हजार दिरहम म्हणजे साधारण चार लाख रुपये, एरवी मर्यादेच्या आत. पण त्याच वर्षी त्याच पॅनवर युरोपची सहल झाली असेल तर बेरीज करून बघा.

इथे घोटाळा होतो तो असा: मुलगा स्वतःच्या नाशिकच्या खात्यातले पैसे एलआरएसने मागवू बघतो. ती योजना निवासी भारतीयांसाठी आहे. तुम्ही आता अनिवासी, तुमची वाट एनआरओ खात्यातून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत, आयकराचा १५सीए फॉर्म आणि लागेल तिथे सीएचं १५सीबी प्रमाणपत्र देऊन. कॉलेज रोडवरच्या सीएला हे रोजचं काम आहे.

हवालाचा दर कितीही चांगला सांगितला तरी नको. तिकडे बँकेने पैशाचा उगम विचारला की दाखवायला कागद नसतो.

टप्पा ६: पूर्वमंजुरी

आता बँक. एकाच आठवड्यात पाच बँकांत अर्ज टाकू नका. प्रत्येक चौकशी ब्युरोच्या अहवालात उमटते. पगार जिथे येतो ती बँक आणि आणखी एक, बस.

कागद: पासपोर्ट आणि व्हिसा, एमिरेट्स आयडी, लायसन्स, कंपनीचं पगारपत्र किंवा सॅलरी ट्रान्सफर लेटर, तीन ते सहा महिन्यांचं खातेपत्रक. पगारपत्रातला आकडा आणि खात्यात जमा होणारा आकडा एकच हवा. ओव्हरटाइम आणि कमिशन बँक धरते का, किती धरते, ते विचारून घ्या.

काही बँका सुरक्षेसाठी चेक घेतात. कोरा देऊ नका. रक्कम लिहून द्या आणि झेरॉक्स ठेवा. जानेवारी २०२२ पासून नुसता पैशांअभावी चेक परत जाणं हा पूर्वीसारखा सरसकट फौजदारी गुन्हा राहिलेला नाही. पण परत गेलेला चेकच थेट वसुलीचा दस्तऐवज धरला जातो, म्हणजे धनको मोठ्या खटल्याशिवाय जप्तीपर्यंत जाऊ शकतो.

तपासा: पूर्वमंजुरीच्या पत्रात रक्कम, मुदत, दर आणि मुदतपूर्व फेडीचं शुल्क, चारही लेखी आहेत ना? फेडीचं शुल्क साधारणपणे बाकीच्या १ टक्का असतं. पत्र किती दिवस चालतं तेही लिहून ठेवा.

टप्पा ७: गाडी निवडणं

नवीन गाडीत फारसं काही नाही. कोटेशन तुमच्या पासपोर्टवरच्या नावाने घ्या, व्हॅट धरून घ्या, बुकिंगची रक्कम कर्ज नामंजूर झाल्यास परत मिळेल असं पावतीवर लिहून घ्या.

वापरलेली गाडी हा वेगळाच मामला. बँक वय बघते: कर्ज संपेल तेव्हा गाडी किती वर्षांची असेल, यावर मुदत कापली जाते. जीसीसी स्पेसिफिकेशन म्हणजे आखाती उष्णतेसाठी बनवलेली गाडी असेल तर कर्ज आणि विमा सुरळीत. अमेरिकेतून आयात केलेली तीच गाडी स्वस्त दिसते, पण ती बहुधा तिकडच्या अपघातानंतर लिलावात निघालेली असते आणि अनेक बँका तिला हात लावत नाहीत.

१६ एप्रिल २०२४ च्या पावसात दुबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्यातल्या काही धुऊनपुसून बाजारात आल्या. सीटखालचे नटबोल्ट गंजलेले, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढल्यावर टोकाला चिखलाची रेघ, डिकीतल्या स्टेपनीच्या खळग्यात बारीक वाळू, हे बघा. अपघाताचा इतिहास चॅसी नंबर टाकून एमिरेट्स व्हेइकल गेटच्या संकेतस्थळावर दिसतो. त्यानंतर तस्जील किंवा शामिलसारख्या केंद्रावर सर्वंकष तपासणी. तीनशे-चारशे दिरहमच्या आसपासचा हा खर्च वाचवू नका.

विकणाऱ्याचं कर्ज बाकी असेल तर त्याच्या हातात पैसे देऊ नका. त्याच्या बँकेकडून बाकीचं पत्र, रक्कम थेट त्या बँकेत, गहाण उतरल्याची नोंद, आणि मगच मालकीबदल.

टप्पा ८: विमा, एलपीओ, नोंदणी

इथला क्रम मोडला की आठवडा जातो. अंतिम मंजुरी, डाउन पेमेंट विक्रेत्याला, त्याची पावती बँकेला, मग बँक विक्रेत्याच्या नावाने एलपीओ म्हणजे खरेदीचा आदेश काढते. विमा त्याच्या जोडीने. कर्जाच्या गाडीला थर्ड पार्टी चालत नाही, सर्वंकष विमा आणि त्यावर बँकेचं नाव लागतं. पॉलिसी साधारण १३ महिन्यांची असते. दुरुस्ती एजन्सीत की बाहेरच्या गॅरेजमध्ये, हा फरक दाव्याच्या वेळी कळतो, म्हणून आधीच वाचा.

शेवटी आरटीएची नोंदणी. मुलकियावर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, गाडी बँकेकडे गहाण असल्याची नोंद येते.

तपासा: मुलकियावरचा चॅसी नंबर, विम्यावरचा आणि गाडीवरचा, तिन्ही जुळवा. गाडी ताब्यात घेण्याआधी सालिकचा टॅग तुमच्या नावे चालू झाला का, तेही पाहा.

टप्पा ९: नोकरी सुटली किंवा नाशिकला परतायचं ठरलं

कर्ज देणाऱ्या बँकेत पगार येत असेल तर नोकरी संपल्यावरचा हिशेब आणि ग्रॅच्युइटीही तिथेच जमा होते, आणि कर्जाच्या बाकीपुरती रक्कम बँक गोठवू शकते. म्हणून तीन हप्त्यांएवढी शिल्लक कायम दुसऱ्या खात्यात ठेवा. नोकरी गेल्याचं बँकेला स्वतःहून कळवा. हप्ते पुढे ढकलण्याची बोलणी थकण्याआधी होतात, नंतर होत नाहीत.

हप्ते सोडून विमान पकडलं की सुटलो, ही समजूत अजून गल्लोगल्ली ऐकू येते. १७ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेने भारताने यूएईला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली परस्पर मान्यतेचा देश जाहीर केलं. तिथल्या सक्षम न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा आता थेट आपल्या जिल्हा न्यायालयात अंमलबजावणीसाठी दाखल करता येतो. म्हणजे दुबईच्या थकलेल्या हप्त्यांची नोटीस सीबीएसजवळच्या कोर्टातून इंदिरानगरच्या पत्त्यावर येऊ शकते. वर तिकडे प्रवासबंदीची शक्यता वेगळी.

गाडी सोबत आणण्याचा विचारही करू नका. भारतात जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या हाताच्या स्टिअरिंगची लागते. दुबईची गाडी डाव्या हाताची.

परतताना क्रम असा: बँकेकडून बाकीचं पत्र. ग्राहक पक्का करून त्याच्याकडून रक्कम थेट बँकेत. गहाण उतरल्याची नोंद. दंड आणि सालिकची बाकी भरून मालकीबदल. उरलेल्या महिन्यांच्या विम्याचा परतावा. सुरक्षेचा चेक आणि कर्ज फिटल्याचं पत्र हातात. त्यानंतरच व्हिसा रद्द करण्याचा अर्ज, कारण व्हिसा रद्द झाला की बँकेतलं आणि आरटीएतलं प्रत्येक काम अवघड होतं. शेवटचा पगार आणि विम्याचा परतावा जमा होईपर्यंत खातं बंद करू नका. कर्ज फिटल्याच्या पत्राची एक प्रत ईमेलवर ठेवा आणि एक घरच्या कपाटात, पासपोर्टसोबत.